प्रोग्रॅमिंगचा क्लास : फी भरण्याआधीपासून प्रोजेक्ट हातावेगळा होईपर्यंत

दादर, ठाणे, अंधेरी, बोरिवली, वाशी. कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडा, पुलाच्या पायऱ्या उतरता उतरता दोन-तीन फलक तरी दिसतात : फुल स्टॅक, जावा, पायथन, डॉट नेट, सहा महिने, नोकरी. बारावी झालेला, बीकॉमला एटीकेटी लागलेला, इंजिनिअर होऊन वर्षभर घरी बसलेला, सगळ्यांसाठी फलक तोच. वेब आणि डेस्कटॉप सॉफ्टवेअर शिकायला लागणारा मजकूर आज इंटरनेटवर फुकट मिळतो, आणि चांगला मिळतो. मग क्लासला पैसे कशाचे? जाणकार माणूस तुमच्या खुर्चीमागे उभा राहून तुमचा चुकलेला कोड बघतो आणि ‘इथे असं का लिहिलंस?’ म्हणून विचारतो, त्याचे. सरांची किंवा मॅडमची नजर तुमच्या स्क्रीनवर किती वेळ पडणार, या एका मापाने क्लास निवडायचा आणि क्लास सुरू झाल्यावर तोच वेळ पुरेपूर वसूल करायचा.

पायरी १ : वेब की डेस्कटॉप, आधी ठरवा

वेब म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं काम. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट ही दर्शनी बाजू. मागे सर्व्हरवर जावा, सी शार्प, पायथन, पीएचपी किंवा नोड यांपैकी एक. आणि त्याच्याही मागे माहिती साठवणारा डेटाबेस. ऐरोली, महापे, पवई, मालाड, बीकेसीतल्या ऑफिसांमध्ये फ्रेशरला मिळणारं बरंचसं काम याच प्रकारचं असतं.

डेस्कटॉप म्हणजे विंडोजवर इन्स्टॉल करून चालवायचा प्रोग्रॅम. शिकताना बहुतेक ठिकाणी सी शार्प आणि त्यासोबत खिडक्या-बटणं बनवायचं साधन, म्हणजे विनफॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफ, असतं. विनफॉर्म्स २००२ पासून आहे, म्हणून ते मेलं असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. मशीद बंदरच्या घाऊक पेढीतलं बिलिंग, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, वजनकाट्याला जोडलेला कॉम्प्युटर, बारकोड प्रिंटर अशा जागी नेट गेलं तरी काम थांबून चालत नाही, आणि तिथे डेस्कटॉप प्रोग्रॅम आजही रोज चालतात. सी शार्प ज्यावर चालतं त्या मायक्रोसॉफ्टच्या आताच्या डॉट नेटमध्येही विनफॉर्म्स आहे.

दोन्ही एकदम शिकू नका. ठरत नसेल तर सी शार्प घ्या. एकाच भाषेत आधी डेस्कटॉप आणि मग एएसपी डॉट नेट कोअर वापरून वेब, असा प्रवास करता येतो. विनफॉर्म्समध्ये बटण ओढून फॉर्मवर टाकलं, त्यावर डबल क्लिक केलं, आत चार ओळी लिहिल्या की काहीतरी चालताना दिसतं. अगदी नवख्याला पहिल्या महिन्यात हा धीर फार उपयोगी पडतो. नोकरी लवकर हवी असेल आणि डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्या असतील तर थेट वेब.

एक गैरसमज घरच्यांच्या बोलण्यात हमखास येतो. एमएस-सीआयटी झालं म्हणजे निम्मं शिकून झालं, असं त्यांना वाटतं. तो संगणक साक्षरतेचा कोर्स आहे. टायपिंगची आणि फाइल हाताळण्याची सवय त्याने लागते, प्रोग्रॅमिंग त्यात येत नाही.

पायरी २ : ‘सहा महिने’ म्हणजे किती तास?

फलकावरचे महिने वाचू नका, तास मोजा. सोमवार-बुधवार-शुक्रवार दोन-दोन तासांची बॅच असेल तर आठवड्याला ६ तास, २६ आठवड्यांत १५६ तास. शनिवार-रविवार तीन-तीन तास असले तरी तेवढेच. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचा पीजी-डॅक हा पदव्युत्तर डिप्लोमाही सहा महिन्यांचाच म्हणवतो, पण तो ९०० तासांचा आहे. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नोकरी केल्यासारखा. मुंबईत सी-डॅकचं केंद्र जुहूला आहे, खारघरलाही आहे. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते; बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीच्या उत्तराला वजा १. वर्षातून दोन बॅचेस निघतात. पात्रता प्रामुख्याने इंजिनिअरिंग, एमसीए अशा पदव्यांवर आहे, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या बॅचची प्रवेश पुस्तिका वाचा. पात्र असाल आणि सहा महिने दुसरं काही न करता देता येत असतील तर आधी हाच मार्ग तपासावा. सी प्रोग्रॅमिंग आणि डेटा स्ट्रक्चर्स यांची दोन-तीन महिने तयारी करून मगच परीक्षेला बसा.

दहावीनंतर लगेच काही हवं असेल तर सरकारी आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रॅमिंग असिस्टंटचा. त्यातून थेट डेव्हलपर होता येत नाही, पण पाया कमी खर्चात होतो.

उरलेल्यांसाठी खाजगी क्लास. तिथे तासांचा हिशोब आणखी एक पाऊल पुढे न्या. १५६ तासांतला निम्मा वेळ सर बोर्डावर शिकवतात असं धरा. उरले ७८ तास प्रॅक्टिकलचे. बॅचमध्ये ३० मुलं असतील तर सरांचा वेळ तुमच्या वाट्याला येतो जेमतेम अडीच तास, तोही अख्ख्या कोर्समध्ये. १२ मुलं असतील तर साडेसहा तास. फी सारखी असली तरी या दोन क्लासांत मिळणारा माल सारखा नाही. म्हणून चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न ‘फी किती?’ हा नसावा. ‘एका बॅचमध्ये जास्तीत जास्त किती? आणि प्रॅक्टिकलला सरांसोबत दुसरं कुणी असतं का?’ हा असावा. लॅब असिस्टंट असेल आणि त्याला खरंच येत असेल तर मोठी बॅचही चालते.

पायरी ३ : सिलॅबसवरची ‘एक्स्पायरी’ तपासा

औषधाच्या पाकिटावर तारीख बघतो, तशी सिलॅबसवर बघायची. ती छापलेली नसते, विषयांच्या नावांत दडलेली असते. पायथन २ शिकवत असतील तर तो जानेवारी २०२० लाच बंद झाला. अँग्युलरजेएस, म्हणजे वेबची दर्शनी बाजू बनवायच्या अँग्युलर या साधनाची पहिली आवृत्ती, तिचा आधार (दुरुस्त्या मिळत राहणं) २०२१ संपता संपता संपला. आताचा अँग्युलर वेगळा आहे. रिॲक्ट या तशाच साधनाचा प्रोजेक्ट ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ने सुरू करायला लावत असतील तर ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मागे पडलं. व्हिज्युअल बेसिक ६ चा आधार २००८ मध्येच संपला. डॉट नेट शिकवणार असतील तर कुठली आवृत्ती ते विचारा : सम आकड्यांच्या आवृत्त्यांना तीन वर्षं आधार असतो, आणि १० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये आली.

जुनं दिसलं की लगेच नाकारू नका. डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ वर चालणारी ऑफिसं भरपूर आहेत, जेक्वेरी हे जावास्क्रिप्टचं जुनं साधनही अनेक साइट्सवर आहे. ते कळण्यापुरतं शिकवलं तर उलट बरं. मात्र सगळा सिलॅबसच जुना असेल तर शिकवणाऱ्यांनी बऱ्याच वर्षांत नवं काही लिहिलेलं नाही असं समजा.

दुसऱ्या टोकाची खूण म्हणजे सहा महिन्यांत सोळा तंत्रज्ञानं. एचटीएमएलपासून क्लाउड, डॉकर, मशीन लर्निंगपर्यंत सगळं एका पानावर. १५६ तासांना १६ ने भागा, एकेकाला दहा तासही येत नाहीत. एक भाषा नीट, एक डेटाबेस नीट, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन), आणि एक पूर्ण प्रोजेक्ट, एवढं असलेला साधा सिलॅबस त्यापेक्षा कितीतरी चांगला.

पायरी ४ : डेमो बघा, पण चालू बॅचही बघा

डेमो लेक्चर सगळ्यांचंच छान असतं, कारण ते घोटून घेतलेलं असतं. तिथे एकच प्रश्न विचारा. सरांनी आकडा टाकायची चौकट करून दाखवली की म्हणा, ‘सर, इथे १० ऐवजी कुणी अक्षरात दहा लिहिलं तर?’ चांगला शिक्षक लगेच तसं टाइप करून प्रोग्रॅम पडू देतो, आलेली एरर मोठ्याने वाचतो आणि तिथल्या तिथे दुरुस्त करतो. ‘ते पुढच्या मॉड्यूलमध्ये येईल’ असं उत्तर मिळालं आणि स्लाइड पुढे सरकली, तर वर्गातही तसंच होणार. न अडखळता कोड लिहिणारा शिक्षक बघायला गेलेले नसता तुम्ही. अडकल्यावर तो काय करतो हे बघायला गेलेले असता.

मग चालू बॅचमध्ये, शक्यतो तिसऱ्या महिन्यातल्या, अर्धा तास मागे बसू द्या अशी विनंती करा. बसू दिलं तर बोर्डाकडे बघू नका, मुलांच्या स्क्रीनकडे बघा. सगळ्यांच्या स्क्रीनवर बोर्डावरचाच कोड अक्षरशः उतरलेला असेल तर तिथे टायपिंग चालू आहे. प्रत्येकाचं थोडं वेगळं, कुणाचं एररने लाल, कुणी शेजाऱ्याशी वाद घालतंय, सर फिरताहेत, तर तिथे शिकणं चालू आहे. निघताना मुलांना विचारा : शिक्षक मध्येच बदलले का? लेक्चर किती वेळा रद्द झालं? डेमो घेणारे सर आणि बॅच घेणारे सर वेगळे असणं ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. तुमची बॅच कोण घेणार, ते नाव पावतीवर किंवा मेलवर लिहून मागा.

पायरी ५ : पैसे, पावती आणि कर्जाचा कागद

खाजगी प्रशिक्षणावर १८ टक्के जीएसटी लागतो. काउन्सेलर ४०,००० म्हणाले आणि वर ७,२०० आले की होतात ४७,२००. म्हणून ‘सगळं धरून किती?’ असंच विचारा. जीएसटी घेत असतील तर बिलावर १५ अक्षर-अंकांचा नंबर हवा, आणि महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात २७ ने होते. साध्या कोऱ्या पावतीवर जीएसटी वसूल होत असेल तर तिथेच थांबा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ हा भाग सगळ्यात सावधपणे वाचायचा. अनेक ठिकाणी तो क्लासने दिलेला हप्ता नसतो, एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या किंवा वडिलांच्या नावावरचं कर्ज असतं. कंपनी क्लासला पूर्ण रक्कम आधीच देऊन मोकळी होते. पुढे शिक्षक सोडून गेले, बॅच बंद पडली किंवा तुम्हीच दुसऱ्या महिन्यात कंटाळलात, तरी हप्ते चालूच राहतात आणि चुकले की सिबिल खराब होतं. मोबाइलवर ओटीपी सांगण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. कर्ज देणाऱ्याने ते द्यायलाच हवं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात एकूण परतफेड, वार्षिक दर आणि घेतलेलं कर्ज रद्द करायची मुदत लिहिलेली असते. शक्य असेल तर कर्ज टाळून थेट क्लासला तीन-चार टप्प्यांत फी द्या, आणि शेवटचा टप्पा प्रोजेक्ट संपताना ठेवा. शेवटच्या महिन्यात क्लासचं लक्ष नव्या ॲडमिशनकडे वळतं, तेव्हा हा राहिलेला टप्पा तुमच्या बाजूने उभा राहतो.

मूळ गुणपत्रिका किंवा मूळ पदवी कुणाकडेही ठेवायची नाही. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.

प्लेसमेंटबद्दल बोलताना शब्द नीट ऐका. ‘असिस्टन्स’ म्हणजे तुमचा बायोडेटा पुढे पाठवणं. ‘गॅरंटी’ म्हणत असतील तर नोकरी न लागल्यास काय, हे करारात लिहिलेलं हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तक्रार करायची वेळ आली तर जाहिरातीचा फोटो, पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं उपयोगी पडतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

आणि कुणी ‘दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो’ म्हणालं तर उठून या. नोकरी देणाऱ्या कंपन्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी तपासतात. खोटा अनुभव तिथेच उघडा पडतो आणि लागलेली नोकरीही जाते.

पायरी ६ : बॅचची वेळ लोकलच्या हिशोबाने

क्लास कितीही चांगला असो, डोंबिवलीहून दादरला संध्याकाळी सात ते नऊ अशी बॅच घेतलीत आणि जाऊन-येऊन तीन तास गेले, तर आठवड्याला ६ तास शिकायला ९ तास प्रवास होतो. घरी सराव होतच नाही, आणि सरावाशिवाय क्लास फुकट. तेव्हा कॉलेज किंवा नोकरी आणि घर यांच्या मधल्या स्टेशनावरचा, उतरून दहा मिनिटांत चालत जाता येणारा क्लास बघा. नावाने थोडा लहान असला तरी चालेल. रविवारची बॅच असेल तर मेगाब्लॉक लक्षात घ्या. मध्य आणि हार्बरवर तो साधारण सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत असतो, त्यामुळे सकाळी आठ-नऊची बॅच बरी पडते. जूनमध्ये ॲडमिशन घेताना हेही विचारून ठेवा की पाणी भरून गाड्या बंद पडल्या तर ते लेक्चर ऑनलाइन होतं, पुन्हा होतं की बुडतं.

पायरी ७ : लॅपटॉप पहिल्या लेक्चरआधी तयार

क्लासच्या लॅबमधल्या मशीनवर सगळं आधीच बसवलेलं असतं. म्हणून ‘क्लासमध्ये चालतं, घरी चालत नाही’ ही पहिल्या आठवड्यातली ठरलेली रड. स्वतःचा लॅपटॉप असेल तर तोच न्या. ८ जीबी रॅम किमान, १६ असेल तर निवांत. एसएसडी हवीच, २५६ जीबी चालेल. रॅम वाढवायची असेल तर लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाण्याआधी आपल्या मॉडेलमध्ये रॅमची जागा मोकळी आहे का आणि ती डीडीआर ४ की ५, हे बघून जा. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, ती वाढत नाही. डेस्कटॉप शिकायचं असेल तर विंडोज लागतंच. मॅकवर विनफॉर्म्स-डब्ल्यूपीएफ चालत नाही, आणि व्हिज्युअल स्टुडिओ (कोड लिहायचं आणि चालवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) मॅकसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला.

व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती शिकणाऱ्याला मोफत आहे. क्रॅक केलेली मोठी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून घेण्याचं काहीच कारण नाही. इन्स्टॉल करताना सगळ्या चौकटींवर टिक करू नका. फक्त ‘डॉट नेट डेस्कटॉप डेव्हलपमेंट’ घ्या, वेबसाठी ‘एएसपी डॉट नेट’ची चौकट नंतर वाढवता येते. नेहमीच्या निवडींना २० ते ५० जीबी जागा लागते, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम काढू नका. जावास्क्रिप्टची वाट धरली असेल तर व्हीएस कोड हा एडिटर, नोडची एलटीएस (दीर्घकाळ आधार असलेली) आवृत्ती आणि गिट पुरे.

प्रोजेक्टचा फोल्डर थेट सी किंवा डी ड्राइव्हवर करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. डेस्कटॉपवर ठेवलात तर तो बरेचदा वनड्राइव्हमध्ये जातो, नोडच्या हजारो बारीक फाइल्स ढगात चढू लागतात, मशीन धापा टाकतं आणि ‘फाइल वापरात आहे’ अशा एरर येतात. पीएचपी शिकताना मशीनवर सर्व्हर चालवणारं एक्झॅम्प (XAMPP) सुरू होत नसेल तर ८० नंबरचा पोर्ट, म्हणजे त्याचं ठरलेलं दार, दुसऱ्या प्रोग्रॅमने अडवलाय का ते बघा. मायएसक्यूएल हा डेटाबेस दोनदा बसवला गेला असेल तर ३३०६ वर तसंच भांडण होतं. मायएसक्यूएलचा रूट पासवर्ड इन्स्टॉल करतानाच वहीत लिहा. तो विसरला म्हणून अख्खं लेक्चर गमावणारं एक तरी मूल प्रत्येक बॅचमध्ये असतं.

पायरी ८ : क्लास चालू असताना

वर्गातल्या एका तासाला घरी दोन तास. त्याच रात्री, वही मिटून, नव्या कोऱ्या फोल्डरमध्ये वर्गातलं उदाहरण पहिल्यापासून लिहायचं. बघून उतरवायचं नाही. जिथे हात थांबतो तो तुमचा पुढच्या लेक्चरचा प्रश्न. तो असा लिहून न्या : काय व्हायला हवं होतं, काय झालं, एररची पूर्ण ओळ, आणि मी काय करून पाहिलं. ‘सर, होत नाहीये’ एवढंच म्हटलंत तर तुमच्या वाट्याची पाच मिनिटं नुसती शोधण्यात जातात. चार ओळी लिहून नेल्यात तर तीच पाच मिनिटं समजावण्यात जातात.

एररचा लाल मजकूर दिसला की डोळे मिटायची सवय मोडा. त्यात ओळीचा नंबर असतो. पहिली एरर वाचा, ती दुरुस्त करा, पुन्हा चालवा. खालच्या वीसपैकी बऱ्याच एरर तिच्यामुळेच आलेल्या असतात. डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम मध्ये थांबवून आत बघायचं साधन, दुसऱ्याच आठवड्यात शिकून घ्या, सरांनी दाखवला नाही तर मागे लागून. व्हिज्युअल स्टुडिओत एफ ९ ने ब्रेकपॉइंट (थांबायची ओळ), एफ ५ ने सुरू, एफ १० ने एकेक ओळ पुढे, एफ ११ ने फंक्शनच्या आत. व्हेरिएबलमध्ये या क्षणी काय आहे ते डोळ्यांनी दिसतं, अंदाज बांधावा लागत नाही.

एआय चॅटबॉट वापराल, वापरा. पण आख्खा कोड मागू नका, एररचा अर्थ विचारा. तयार कोड चिकटवून असाइनमेंट दाखवली की सर ‘छान’ म्हणून पुढे जातात, आणि ज्या गोष्टीचे पैसे भरले तीच तुम्ही आपल्या हाताने नाकारलेली असते.

अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या) आत लूप आला की. कागदावर प्रत्येक फेरीला व्हेरिएबलची किंमत मांडत गेलात की सुटते. दुसरी डेटाबेसमध्ये जॉइन, म्हणजे दोन टेबलं जोडून माहिती काढणं, आलं की. वेबवाल्यांची खास जागा म्हणजे प्रॉमिस आणि अवेट : सर्व्हरकडून उत्तर यायच्या आधीच पुढची ओळ चालून जाते आणि स्क्रीनवर ‘अनडिफाइन्ड’ दिसतं. डेस्कटॉपवाल्यांची, मोठं काम बटणाच्या क्लिकमध्येच लिहिलं की खिडकी गोठते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. स्क्रीन रंगवणारा धागाच (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक प्रवाह) त्या कामात अडकलेला असतो.

पैशांचा हिशोब फ्लोट किंवा डबल या अपूर्णांकांच्या प्रकारांत करू नका. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा, ०.३०००००००००००००००४ येते. बायनरीत ०.१ नेमका मांडता येत नाही. सी शार्पमध्ये डेसिमल वापरा, जावास्क्रिप्टमध्ये रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा.

मराठी नावांची एक अडचण मात्र सावकाश बघण्यासारखी आहे, कारण आपल्या लोकांसाठी प्रोग्रॅम करणाऱ्याला ती आज ना उद्या भेटतेच. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये नावाचा कॉलम व्हारचार (मजकुराचा साधा प्रकार) केला, फॉर्ममध्ये ‘ज्ञानेश्वर’ लिहून सेव्ह केलं, परत उघडलं, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. मोजा : दहा. नाव तर डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, ज्ञा, ने, श्व, र. पण कॉम्प्युटरसाठी ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे दहा सुटे तुकडे आहेत. व्हारचारच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये देवनागरीला जागाच नसते, म्हणून प्रत्येक तुकड्याचं एकेक प्रश्नचिन्ह झालं. आणि एकदा ते साठलं की मूळ नाव गेलं. नंतर कॉलम बदलून परत येत नाही. कॉलम पहिल्यापासून एनव्हारचार (सगळ्या लिप्या मावणारा प्रकार) ठेवा आणि किंमत पॅरामीटरने, म्हणजे क्वेरीपासून वेगळी, पाठवा. क्वेरीत थेट लिहायचीच असेल तर अवतरणाच्या आधी कॅपिटल एन लागतो. कॉलमची लांबीही डोळ्यांनी मोजून ठरवू नका. ‘नाव चार अक्षरी’ म्हणून ४ ठेवलीत तर सेव्हच होणार नाही. हे सरांना मुद्दाम विचारा. माहीत नसेल तर त्यांच्यासोबत बसून करून बघा, तेही शिक्षणच.

गिट पहिल्या महिन्यातच सुरू करा, रोज रात्री एक कमिट (बदलांची नोंद). गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर ढकलताना खात्याचा पासवर्ड टाकून ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ येतं, कारण ऑगस्ट २०२१ पासून तिथे पासवर्ड चालत नाही. ब्राउझरमधून लॉगिन करा किंवा टोकन बनवा. नोड मॉड्यूल्स, बिन आणि ओबीजे हे फोल्डर गिटइग्नोरमध्ये (वगळायच्या फाइल्सच्या यादीत) घाला, आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल कधीही चढवू नका.

पायरी ९ : प्रोजेक्ट, सर अजून हाताशी असताना

शेवटचे सहा आठवडे प्रोजेक्टला हवेत. बहुतेकांना दोनच मिळतात, कारण सिलॅबस लांबतो. तुम्ही चौथ्या महिन्यातच सुरुवात करा. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’ किंवा ‘ऑनलाइन शॉपिंग’ घेऊ नका. ते अर्ध्या बॅचचं सारखंच असतं आणि मुलाखतीत पहिल्याच ‘हे असं का केलंस?’वर गाडी थांबते. खरा माणूस वापरेल असं लहान काम घ्या : सोसायटीची मेंटेनन्स बिलं, शाळेच्या रिक्षावाल्या काकांचा महिन्याचा हिशोब, डबे देणाऱ्या काकूंची वही.

डब्यांचंच घ्या. वरवर तीन टेबलं : गिऱ्हाईक, दर, रोजची नोंद. पण काकूंशी अर्धा तास बोललात की खरं काम कळतं. कुणाचा डबा शनिवारी बंद. कुणाला मध्येच चार दिवस सुट्टी. दर १५ तारखेला वाढला, मग आधीच्या १४ दिवसांचं बिल जुन्या दराने. दर गिऱ्हाइकाच्या टेबलात ठेवलात तर जुनी बिलं बदलतात; तो लागू झाल्याच्या तारखेसह वेगळा ठेवावा लागतो. असा एक निर्णय मुलाखतीत नीट सांगता आला की समोरच्याला कळतं, हे यानेच केलंय.

तयार झालं की दुसऱ्याच्या मशीनवर चालवा. वेबवाले मित्राला ‘लोकलहोस्ट’ची लिंक पाठवतात, ती फक्त स्वतःच्याच मशीनवर उघडते. गिटहब पेजेस फुकट आहे, पण तिथे नुसती दर्शनी बाजू चालते, सर्व्हर आणि डेटाबेस नाही. डेस्कटॉपवाले डीबग फोल्डरमधली ईएक्सई पेन ड्राइव्हवर टाकून नेतात आणि ती उघडत नाही, कारण तिथे डॉट नेट बसवलेलं नसतं, किंवा कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (डेटाबेसच्या पत्त्यात) तुमच्याच मशीनचं नाव अडकलेलं असतं. पब्लिश करताना ‘सेल्फ कंटेन्ड’ निवडा. फाइल बरीच मोठी होते, पण चालते. सही नसलेल्या ईएक्सईला विंडोज निळी सूचना दाखवतं, तिचा अर्थ काकूंना आधीच सांगून ठेवा.

मग काकूंच्या शेजारी बसा आणि हात मांडीवर ठेवा. माउस त्यांच्या हातात. त्या जिथे थांबतील, जिथे चुकीचं बटण दाबतील, जिथे ‘आता काय करू?’ म्हणतील, ते वहीत लिहा. समजावून सांगू नका, फक्त लिहा. ती यादी घेऊन पुढच्याच लेक्चरला सरांसमोर बसा. कोर्सचे निदान तीन आठवडे शिल्लक असतील असं बघा, कारण बॅच संपली की ही यादी घेऊन जायला माणूस उरत नाही.